चुकीचं पुस्तक बदलून मिळेल

छापखान्यात काम केलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. कटिंग मशीनखाली कागदाची कतरण साठते तसे. सकाळी झाडून काढावं, संध्याकाळी पुन्हा ढीग! मी बीडमधल्या एका छापखान्यात नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसले. लग्नाकार्यात भेटलेली माणसं अजून म्हणतात, "मंगलताई, तो उलट्या आरतीचा सांगा ना!" मी सांगते. लोक हसतात. मीही हसते.

पण हे सगळे किस्से सुनंदाचे आहेत, आणि सुनंदा आता नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. लग्नानंतर पुन्हा आमच्या छापखान्यात येऊन तिच्या खुर्चीवर बसायचं होतं. ते आम्ही तिला दिलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मंगलनं हसवता हसवता फसवलं.

*

छापखाना अप्पांचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळ्यांवर जाड काच, आणि चाळीस वर्षं एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून काळी पडलेली बोटं. देशात नवं वारं सुटलं, गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ निघाले, तेव्हा अप्पांनीही मनावर घेतलं. खिळे मोडीत घातले आणि कॉम्प्युटर आणला. एक पेटी खिळे आणि पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन मात्र ठेवलं. का ठेवलं असं विचारलं तर म्हणायचे, "खिळ्याचं अक्षर कागदात रुततंय. मागनं बोट फिरवलं तरी कळतंय. तुमच्या कॉम्प्युटरचं अक्षर नुसतं वर बसतंय, पाव्हण्यावाणी!"

भिंतीवर अप्पांची एक पाटी होती: 'चुकीचं पुस्तक परत आणा, बदलून मिळेल.' खिळ्यांच्या काळातली पाटी. तेव्हा चुका वर्षाला दोन व्हायच्या. कॉम्प्युटर आला आणि आठवड्याला दोन व्हायला लागल्या, पण पाटी काही अप्पांनी उतरवली नाही. एकास एक पुस्तक बदलून द्यायचे.

आम्ही दोघी ऑपरेटर. मी रोज चौसाळ्याहून एसटीनं यायची, सुनंदा बीडचीच. तिचे वडील अप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. मशीनवर रफीकभाई. एवढाच आमचा गोतावळा.

गिऱ्हाईक चिडलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "कॉम्प्युटरची चूक हाय हो!" आणि गिऱ्हाइकाला ते पटायचं! माणसाची चूक म्हटलं असतं तर भांडले असते. कॉम्प्युटरची म्हटल्यावर मान डोलवून जायचे. सुनंदाला तेवढंच आवडायचं नाही. ती म्हणायची, "अप्पा, कॉम्प्युटर चुकत न्हाई. आपुन सांगतो तेवढंच करतो त्यो. उगं त्याच्यावर कावून ढकलता?"

*

पहिली पुस्तिका नारायणगडाच्या यात्रेसाठी. आरतीसंग्रह. कागदाची एक बाजू छापून झाली की दुसऱ्या बाजूला डोकं कुठं आणि पाय कुठं, हे त्या सॉफ्टवेअरला वेगळं सांगावं लागतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! छापलं, दुमडलं, पिना मारल्या, गठ्ठे यात्रेत गेले.

एक पान सरळ, दुसरं डोक्यावर उभं! शिवाय त्यावर भलतीच आरती. गणपतीची सुरू करून पान उलटलं की शंकराची, तीही उलटी. लोक टाळ्या वाजवता वाजवता पुस्तक गरागरा फिरवत होते म्हणे.

अप्पांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चांगल्या प्रती घेऊन गडावर गेले, सोबत आम्ही दोघी. जो भेटेल त्याला म्हणायचं, चुकीचं द्या, बरोबर घ्या. एका म्हातारीनं पुस्तक पदराखाली धरलं ते सोडेचना.

"आजी, उलटं छापलंय ते," सुनंदा म्हणाली.

"असंल. देवापुढं ठिवलंय म्या. देवापुढचं पुस्तक माघारी देत असत्यात व्हय? आन् मला कुठं वाचाया येतंय!"

त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. देवाचं नाव असलेलं पुस्तक आपल्याकडं कुणी परत देत नाही, रद्दीतही टाकत नाही. मोजून सात परत आली!

*

मग एका साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. चोवीस पानांचा. या वेळी डोकं-पाय जागेवर होते, पानांचा क्रम मात्र गेला कामातून. सॉफ्टवेअरनं एकाशेजारी दोन, तिनाशेजारी चार अशी पानं लावली. वाचायला ठीक, पण कागद दुमडून एकात एक घातले की काला होतो. नफ्याच्या पानापुढं दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, श्रद्धांजलीनंतर अचानक 'या यशाचं श्रेय संचालक मंडळाला'!

आम्ही सभेच्या दिवशी जीव मुठीत धरून बसलो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे एक साहेब गाडीतून उतरले. अप्पांनी हात जोडून सुरुवात केली, "साहेब, कॉम्प्युटरची चूक..."

"अहो, कशाची चूक! सभासद पान शोधत बसले आन् तेवढ्यात समदे ठराव मंजूर! अर्ध्या तासात सभा खलास. पुढच्या सालीबी असंच छापा!"

अप्पा हसले. सुनंदा नाही हसली. तिनं एक रद्दी कागद घेतला, घड्या घातल्या, कडा फाडून पेन्सिलीनं पानांवर आकडे टाकले आणि पुन्हा सगळं उलगडलं. तासभर त्या उघड्या कागदाकडं बघत बसली. मग मला हाक मारली.

"मंगल, हे बघ. शेजारच्या दोन पानांची बेरीज कर. एक आन् चोवीस, पंचवीस. दोन आन् तेवीस, पंचवीस. समदीकडं तेवढीच! सोळा पानांचं असंल तर बेरीज सतरा. पयलं पान आन् शेवटचं पान एकाच कागदावर असतंय बघ, शेजारी शेजारी. पुस्तक मिटलं की पाठीला पाठ लावून बसत्यात."

तेव्हापासून आमची पानं चुकली नाहीत. सगळी पानं आम्ही हातानं त्या बेरजेनं लावायचो. पुण्याहून सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाला हे दाखवलं, तर त्यानं वहीत लिहून घेतलं!

*

आता हा किस्सा मी लग्नात सांगत नाही.

सुनंदाचं लग्न ठरलं. माजलगावचं स्थळ. मोंढ्यात धान्याची आडत, दोन मजली घर. अप्पांनीच आणलेलं, त्यांच्या नात्यातलं. तिच्या वडिलांना अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मंगलाष्टकांची पुस्तिका आमच्याकडंच छापायची, आणि सुनंदा म्हणाली, "माझी मीच करते."

पुस्तिकेची पानं चाराच्या पटीत लागतात. मजकूर सात पानांचा निघाला, आठवं कोरं. त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. शेवटी कोरं पान राहिलं की कधी कधी ते आधीच्या कुठल्या तरी कामातलं पान उचलून तिथं घालायचं. सुनंदानं प्रूफ काढलं. सातव्या पानावर 'शुभं भवतु', आणि आठव्यावर काळ्या चौकटीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'!

सुनंदाला हसू आवरेना. "अप्पा, बघा की! मला आधीच श्रद्धांजली वाहून मोकळा झाला ह्यो!"

अप्पांनी तो कागद तिच्या हातातून ओढला. बाहेर जाऊन काडी लावली. परत आले तेव्हा तिनं त्यांचा चेहरा पाहिला. मग म्हणाली, "अहो अप्पा, तुमीच तर म्हणता, कॉम्प्युटरची चूक."

*

ती सासरी गेली आणि माझी रोज तारांबळ. एका पुढाऱ्याचा कार्यअहवाल आला, साठ पानांचा जाडजूड. दुमडला की मधली पानं बाहेर सरकायची आणि कटिंगला कड कापली जायची. नेमका मधल्या पानावर साहेबांचा मोठा फोटो. कापून झाल्यावर साहेबांचा एक कान गायब!

"माझा कान कुठाय?" साहेब ओरडले.

त्यांच्याच मागून एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, "असू द्या. तसंबी ऐकत कुठं होते!"

मी सुनंदाला विचारायला माजलगावला फोन लावला. सासऱ्यानं उचलला. "ती कामात हाय," आणि ठेवला. दुसऱ्यांदा लावला. "सांगितलं न्हवं, कामात हाय!" तिसऱ्यांदा लावला नाही. पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. ते मला तोंडपाठ आहे.

'मंगल, मधली पानं आतल्या बाजूला थोडी थोडी सरकव. जेवढं पान मधलं, तेवढं जास्त. म्हणजे कान कापला जाणार नाही. अप्पांना सांग, इथे गॅस आला. सासूबाईंनी स्टोव्ह भंगारवाल्याला देऊन टाकला, माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं. बाकीचं पाणी थांबत नाही. माहेरी जाऊ देत नाहीत. रोज काही ना काही आणायला सांगतात, वडील कुठून आणणार? अप्पांना विचार, मला परत कामावर घेतील का. मी कुठेही राहीन. तुझी सुनंदा.'

पत्र अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी घडी घालून ते खिळ्यांच्या पेटीत ठेवलं. मी पानं आत सरकवली. साहेबांचा कान परत आला.

*

दोन महिन्यांनी ती स्वतःच आली. दुपारी, एसटीनं, हातात कापडी पिशवी. मी उठून खुर्ची दिली तर बसली आणि आधी कीबोर्ड पदरानं पुसला. मनगटावर जुनी जखम होती. रफीकभाईनं चहा मागवला. तिचा कप तसाच राहिला.

"अप्पा, मला ठिवून घ्या."

अप्पा चष्म्याची काच पुसत राहिले. "सुनंदा, तू लेकीवाणी हाय. पर त्ये घर माझ्या शब्दावर जोडलंय. आज तुला ठिवून घेतली तर उद्या समाजात काय सांगू? थोडी कळ काढ. एखादं लेकरू झालं की समदं बसतंय ठिकाणावर."

"त्ये लोक चांगले न्हाईत अप्पा."

"मी बोलतो त्यांच्याशी."

रफीकभाई मशीनजवळून म्हणाले, "अप्पा, रहने दो ना बच्ची को चार दिन." अप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अप्पांनी तिला स्वतः माजलगावच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती मला म्हणाली, "ती साठ पानांची बेरीज एकसष्ट करतीस न्हवं?" मी म्हटलं, हो. मला वाटतं तेव्हा मी गाडीतून तिला ओढून उतरवायला हवं होतं. मी हात हलवला.

अप्पा बोलले का त्यांच्याशी? बोलले. फोनवर. सासरा म्हणाला म्हणे, "अप्पा, तुमी कायबी काळजी करू नका."

*

सहाव्या आठवड्यात ती जळून गेली.

पोलिसांनी अपघात लिहिला. वडिलांनी सही केली. त्या माणसाला आपण कशावर सही करतोय हे तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

आणि चौथ्या दिवशी सासरा आमच्या छापखान्यात आला. तेराव्याला वाटायला स्तोत्राची पुस्तिका हवी होती. पाचशे प्रती. आपल्याकडं अशी वाटतात, नाव राहतं आणि पुण्यही लागतं. पहिल्या पानावर सुनंदाचा लग्नातला फोटो, आत शिवस्तोत्र. फोटोखालचा मजकूर तो लिहूनच घेऊन आला होता.

तो मजकूर मी टाइप केला. तिच्याच खुर्चीत बसून, तिनं पुसलेल्या कीबोर्डवर. 'आमची लाडकी सून सौ. सुनंदा, स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून...' एवढं टाइप केलं आणि माझे हात थांबले. मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा माझ्या मागंच उभे होते. ते 'स्टोव्ह' या एका शब्दाकडं बघत होते.

"पुढं टाइप कर," ते म्हणाले.

मजकूर पंधरा पानांचा भरला. मी सासऱ्याला सांगितलं की सोळावं पान कोरं राहतंय.

"राहू द्या कोरं. न्हाईतर टाका एखादं फूल."

"बघतो," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफसेट मशीनवरून कागद निघाले. शेवटचं पान पांढरं स्वच्छ. मी स्वतः पाहिलं. दुमडायला घेणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "मंगल, तू आज दोनच्या गाडीनं जा घरी. ऱ्हायलेलं आमी बघतो."

मी सकाळी आले तर पाचशेचा गठ्ठा सुतळीनं बांधून तयार. रफीकभाई ट्रेडल मशीन रॉकेलच्या चिंधीनं पुसत होते. ते मशीन दीड वर्षात हललं नव्हतं. मी विचारलं, काय छापलं? ते म्हणाले, "कुछ नहीं बेटा, जंग लग रहा था."

अप्पा टेबलाशी बसले होते. दोन्ही हातांची बोटं नखांपर्यंत काळी. खिळ्यांची पेटी उघडी होती.

मी गठ्ठ्यातली वरची प्रत ओढून काढली. पिन काढून बाहेरचा कागद टेबलावर पसरला. उजव्या हाताला पहिलं पान, सुनंदाचा फोटो, खाली स्टोव्हचा भडका. डाव्या हाताला सोळावं पान. मी ते वाचलं नाही, वाचायची गरज नव्हती. कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं. बोटाला अक्षरं लागली.

मी पिन परत बसवली. प्रत गठ्ठ्यात घातली.

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरा आला. सोबत कुणी नाही. त्यानं पुस्तिका टेबलावर आपटली, शेवटचं पान वर करून.

"हे काय हाय, अप्पा?"

अप्पांनी सावकाश चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ नेलं. वर 'मंगल, मधली पानं...' पासून खाली 'तुझी सुनंदा' पर्यंत सगळं वाचलं. मध्ये स्टोव्ह भंगारात गेला होता तिथं थोडे जास्त थांबले.

"आरं, चूक झाली की!"

"कुणी केली?"

"कॉम्प्युटरची चूक हाय हो. कोरं पान दिसलं की कुठलंबी जुनं काम उचलून टाकतंय. विचारा हिला."

सासऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. जुनी खोड आहे त्याची."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. "पाचशे घरात गेली ही! पाव्हण्यात गेली, मोंढ्यात गेली, तिच्या बापाच्या गावात गेली!"

"मग आणा की माघारी," अप्पांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. बोटाची शाई अजून गेली नव्हती. "जेवढी आणाल तेवढी बदलून देतो. छापखान्याचा शब्द हाय."

"मागितली!" तो ओरडला. "चार घरं फिरलो काल. देत न्हाईत! म्हणत्यात, देवापुढं ठिवलंय."

अप्पांनी चष्मा काढला, मिटला आणि मला म्हणाले, "मंगल, शेठना नवीन पाचशे तयार ठिव. शेवटचं पान कोरं."

मी ठेवल्या. त्याच आठवड्यात छापून, दुमडून, गठ्ठा बांधून पाटीखालच्या फळीवर ठेवला. मी छापखाना सोडला तेव्हा त्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.